मदत हवी आहे: न झालेल्या सभांच्या इतिवृत्तावर सही मागतायत, काय करू?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावची आमची संस्था, नाव नको. २०१२ ला खाणी बंद पडल्या, दारोदार ट्रक उभे राहिले आणि शिकती पोरं नाक्यावर दिसायला लागली, तेव्हा आमच्या सरांनी (निवृत्त मुख्याध्यापक) आपल्या पडवीत वर्ग सुरू केले. आज संगणक, मुलाखतीची तयारी, कबड्डी, शनिवारचा वाचनकट्टा धरून साठेक मुलं येतात. मी त्याच पडवीतला. चार महिन्यांपूर्वी खजिनदार झालो, म्हणजे सरांनी फोनवर सांगितलं, "उद्यापासून हिशेब तुझ्याकडे."

आता एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या निधीतून, पैसे द्यायला तयार आहे. १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घ्यायची नोंदणी) सगळं आहे, ऑडिटही दरवर्षी होतं. त्यांनी मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागितली, आणि सभा तर झाल्याच नाहीत. परवा सचिवांनी वही पुढे केली. तिन्ही वर्षं एकाच निळ्या पेनाने, एका दमात लिहिलेली, हात दुखल्यावर अक्षर कुठे मोठं झालंय तेही कळतं. २०२३ च्या सभेत ज्याने अनुमोदन दिलंय तो माझा चुलतभाऊ. तेव्हा तो बोटीवर होता, चवथीलासुद्धा घरी आला नव्हता! मी थबकलो तर सचिव म्हणतात, "सही मार रे, कोण पळयता (बघतोय)?"

सरांनी पैसा खाल्लेला नाही, हे मी छातीठोक सांगतो. दोनदा तर शिक्षकांचं मानधन त्यांच्या पेन्शनमधून गेलंय. पण वर्ग भरतात ती जागा त्यांच्या भाच्याची, भाडं महिना बारा हजार, आणि त्याचा ठराव कुठेच नाही. शनिवारी पोरांना नेतृत्व शिकवतो आम्ही, आणि कार्यकारिणीत पन्नाशीच्या आतला मी एकटा.

सही न करता हे निस्तरायचं कसं? भाड्याचं काय? वीस-बावीसच्या दोघांना समितीत घ्यायचं तर संस्थेची घटना बदलावी लागेल का? आणि मुख्य म्हणजे सरांशी बोलायचं कसं? त्यांच्या घरी मी अजून पायरीवरच बसतो.

वहीखाते: सही अजिबात करू नका. रीतसर नोटीस काढून आता सभा घ्या, तिन्ही वर्षांचे हिशेब तिच्यापुढे ठेवा आणि मधल्या सभा झाल्या नाहीत हे इतिवृत्तात सरळ लिहा. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते, तीही राहिली असणार. कंपनीला आपणहून पत्र द्या. उशीर झाला म्हणून सगळेच पाठ फिरवत नाहीत, बनावट वही मात्र कुणी पोटात घालत नाही.

नातेवाइकाची जागा घेणं हा गुन्हा नाही. बाजारभावापेक्षा जास्त भाडं गेलं तर करसवलत गोत्यात येते. गावातल्या दोन जागांचे दर लेखी घ्या, आणि ठरावाच्या वेळी सरांनी बाहेर बसावं. मुलांचं म्हणाल तर आधी घटना उघडा. समितीत जागा रिकामी असेल आणि वयाची अट आड येत नसेल, तर बदलाची गरजच नाही.

आणि हो, पंधरावं कलमही वाचा. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल त्याला मत नाही, सभासद म्हणून मोजतही नाहीत. पावतीपुस्तक बघा एकदा.

पेडण्याची: मुख्याध्यापक होते ना? मग एवढंच विचार, "सर, गैरहजर पोराची हजेरी तुम्ही कधी लावलीत?" पण सचिवांसमोर नको हं, एकटे असताना.

मूळ प्रश्नकर्ता: पावतीपुस्तक बघितलं. शेवटची पावती २०२१ ची. म्हणजे पंधराव्या कलमाने सरांसकट कुणालाच मत नाही, मलाही नाही. आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

ताई, हजेरीचं तुमचं वाक्य पाठ केलंय, पण तोंडातून फुटेल असं वाटत नाही. उद्या संध्याकाळी जातोय. सचिवांची वही नेत नाही, पावतीपुस्तक नेतो. पहिली पावती माझी फाडतो आणि पुस्तक त्यांच्यापुढे सरकवतो. दुसरी कुणाची, हे ते विचारतीलच.