पाटीवर देशाचे नाव, पण ताटात तिथली चव आहे का?

प्रश्न : मोठ्या शहरांत एकाच रस्त्यावर इथिओपियन, इटालियन, चिनी अशी छोटी उपाहारगृहे शेजारी-शेजारी दिसतात. तिथले जेवण खरोखर त्या प्रदेशाच्या पद्धतीचे आहे की सर्वांना रुचेल असे बेतलेले, हे जाणकार कसे ओळखतात?

उत्तर १ : मी प्रथम मेनूकार्डाची लांबी पाहतो, कारण लहानशा स्वयंपाकघरात चार देशांचे शंभर पदार्थ रोज ताजे होणे अवघड असते. देशाबरोबर प्रांताचेही नाव दिलेले असेल, तर माझा विश्वास वाढतो. 'चिनी' असे एकच जेवण नाही : सिचुआनी स्वयंपाकात लाल मिरचीच्या जोडीला जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी असते, तर दक्षिण चीनमधल्या कँटनकडे वाफवलेल्या मासळीवर आले, कांद्याची पात आणि सोया सॉस एवढेच घालून तिची मूळ चव जपतात.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र मी पदार्थाच्या पोताकडे अधिक लक्ष देते. इथिओपियाची इंजेरा ही डोशासारखी मऊ पोळी टेफ या अतिशय बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून, एकाच बाजूने भाजून करतात. वरच्या बाजूस दाट जाळी, आंबूस चव आणि घास तोडताना जाणवणारा मऊ लवचीकपणा असेल, तर पीठ नीट आंबले आहे, असे मी समजते.

उत्तर ३ : इटलीतील नेपल्स शहराच्या पिझ्झाची कला युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा यादीत घेतली. लाकूड जाळून तापवलेल्या प्रखर भट्टीत तो साधारण ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो, म्हणून काठ फुगलेले व ठिपक्यांनी करपलेले असतात; अस्सलपणाची हीच खूण.