हाताखालच्यांना जीव लावणारी माणसं : तुमचे अनुभव

गिरणगावची_नात
गणपतीआधीची साफसफाई चालू आहे. काल माळ्यावर आजोबांचा धोटा सापडला, मागावर आडवा दोरा नेणारा. मुलगा म्हणतो, "आई, ही होडी कुणाची?" दिसतो खरा तसाच. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, मध्ये कांडीची खाच आणि बाजूला बारीकसं भोक.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर होते. जॉबर म्हणजे काय ते लालबाग-परळवाल्यांना सांगायला नको. बदलीवाल्याला, म्हणजे रोजच्या बदली कामगाराला, आज काम मिळणार की हात हलवत घरी जाणार, हे त्याच्या हातात. त्यावर पैसे खाणारेही होते. आमचे आजोबा काही संत नव्हते, आजीवर आवाज चढायचाच. पण एक गोष्ट बाबा नेहमी सांगतात.

धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून दोऱ्याचं टोक त्या भोकातून तोंडाने ओढायचं. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेतच नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. पण राज्यघटना आली तरी माणसांची मनं कुठे लगेच बदलतात? आजोबांच्या खात्यात असा एक पोरगा आला, तर शेजारचा साचेवाला त्याच्या धोट्याला हात लावेना. आजोबा गेले. पोराने नुकताच ओढलेला दोरा मागे काढला आणि परत स्वतःच्या तोंडाने ओढला. तोंडात आलेली कापसाची तूस थुंकली. "चालव," म्हणाले आणि पुढच्या साच्याकडे गेले.

तुम्हाला असं कुणी भेटलंय? लिहा. फोडणी जळतेय, पळते.

खोडरबर
फोटो टाका ना धोट्याचा!

रात्रपाळी
पालिकेच्या हॉस्पिटलात नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. सलाईन लावताना दोनदा शीर चुकली, पेशंटचा मुलगा अंगावर धावून आला. इन्चार्ज सिस्टर त्याला म्हणाल्या, "चूक माझी, मी हिला एकटीला पाठवलं." मला वाटलं आता सुई स्वतः घेतील. छे! गरम पाण्याची पिशवी आणून पेशंट आजोबांचा हात शेकवला, माझ्या मनगटाखाली स्वतःचा हात धरला आणि मलाच लावायला लावली. लागली. नंतर पॅन्ट्रीत अर्धा वडापाव माझ्यापुढे सरकवला आणि मग झाप झाप झापलं. दार लावून मात्र!

कर्जत_फास्ट
दार लावून झापणं हे महत्त्वाचं. आमचा साहेब दार उघडून झापतो, वर एसीची हवा जाते म्हणून आम्हालाच दार लावायला सांगतो 😄

मधली_सुट्टी
प्रेमाने चालणारं ऑफिस मीही बघितलंय. "आपण सगळे एक कुटुंब" म्हणत रविवारीसुद्धा प्रेमानेच बोलवायचे. पगारवाढीच्या वेळी कुटुंब गावाला गेलेलं असायचं.

रात्रपाळी
😂😂

साकीनाका
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तो दिवस. आमच्या सेक्शनच्या मॅडम पन्नाशीच्या, गुडघेदुखी. आम्ही नऊ जण घाटकोपरला चालत निघालो. मॅडम सगळ्यात पुढे, पाणी कमरेला. बंद छत्रीने रस्ता टोचत चालल्या होत्या, मॅनहोल उघडं असेल म्हणून. मी म्हटलं, मॅडम मी होतो पुढे. तर म्हणाल्या, "तुझ्या आईला मी काय सांगू?" एरवी याच बाई लेट मार्कला सोडायच्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून परत सोडलं नाही. छत्रीची मात्र तार वाकली ती वाकलीच, तशीच वापरत होत्या.

चौथा_थर
आमच्या गोविंदा पथकाचे कोच बुंध्यात उभे राहतात, बावन्नाव्या वर्षी. खांद्यावर पाय पडतो त्याचं वजन माहीत असलं की वरच्याला शिवी देववत नाही, असं त्यांचंच म्हणणं. सराव आहे, नंतर सविस्तर लिहितो. (लिहिणार नाही, मला माहितेय.)

पोह्यांवर_लिंबू
लालबागचा विषय निघालाच आहे तर, चिवडा गल्लीत मक्याचा चिवडा कोणाकडचा चांगला? पाहुणे येताहेत.

खोडरबर
चाखायला देतात, दोन-चार दुकानांत चाखून घ्या. आणि खोबरं कमी असलेला घ्या, टिकतो.

भीमनगर_चाळ
धागाकर्त्या ताई, राग मानू नका. माझे पणजोबा सूतकताईच्या खात्यातच राहिले, म्हणजे त्या काळी आमच्या लोकांना जिथे घ्यायचे तिथेच. साचेखात्यात पगार जास्त होता. तुमच्या आजोबांनी केलं ते चांगलंच केलं. पण त्या पोराचं काय झालं पुढे? तो टिकला का खात्यात? नाव काय त्याचं? गोष्टीत तो फक्त "पोरगा" आहे.

चौथा_थर
बरोबर बोललात.

गिरणगावची_नात
राग कसला दादा. वाचून पाच मिनिटं तशीच बसले. आत्ता बाबांना फोन केला. त्यांना नाव आठवत नाही. आजोबांचं "चालव" एवढंच पाठ आहे, इतक्या वेळा सांगून झालंय. डिलाईल रोडची आत्या चौऱ्याऐंशीची आहे, आजोबांचा डबा तीच गिरणीवर न्यायची. तिला ऐकू कमी येतं, फोनवर जमणार नाही. रविवारी जाते.

पोह्यांवर_लिंबू
डिलाईल रोडला जाताय तर परतताना लालबागला उतरा, चिवडा आणा माझ्यासाठी पण 🙏

गिरणगावची_नात
किती, पाव किलो?