मदत हवी आहे: युरोपीय चित्रांतला प्राणी प्रतीक कधी आणि नुसता प्राणी कधी?

नमस्कार. मी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना अधूनमधून पडद्यावर जुनी चित्रं दाखवतो. पुढचा विषय घेतलाय रोमन काळापासून रेनेसान्सपर्यंतच्या युरोपीय कलेतले प्राणी-पक्षी. तयारी करताना एका मुद्द्यावर अडलोय.

मोराचंच बघा. रोमन लोकांचा तो जूनो देवीचा पक्षी. सम्राज्ञी वारल्यावर तिला देवत्व दिलं की त्या नाण्यांवर मोर तिला स्वर्गात नेताना दिसतो (सम्राटाला गरुड नेतो). ख्रिस्ती लोकांनी तोच मोर कॅटाकोंबच्या (जमिनीखालच्या दफनस्थळांच्या) भिंतींवर आणि राव्हेनाच्या दगडी शवपेट्यांवर घेतला, अमरत्वाची खूण म्हणून. कारण मोराचं मांस कुजत नाही अशी समजूत होती. संत ऑगस्टीनने कार्थेजला पानात आलेलं मोराचं मांस चक्क ठेवून पाहिलं. वर्षभराने ते थोडं सुकून आक्रसलं होतं, एवढंच, असं त्याने लिहून ठेवलंय! पण पुढे हाच मोर गर्वाचंही चिन्ह झाला. मग क्रिव्हेल्लीच्या १४८६ च्या 'अनन्सिएशन'मध्ये (तू येशूची आई होणार हे देवदूत मेरीला सांगतो तो प्रसंग) मेरीच्या घराच्या वरच्या सज्जात जो मोर बसलाय, तो कुठला समजायचा?

दुसरं चित्र व्हान आइकचं, १४३४ चं आर्नोल्फिनी दांपत्य. पायाशी केसाळ छोटा कुत्रा आहे. सगळीकडे 'कुत्रा म्हणजे निष्ठा' असं ठोकून दिलेलं असतं. मुलं विचारणार, "सर, त्यांनी पाळलेला असेल की!" आणि तो प्रश्न मला रास्त वाटतो. वर्गात 'अमुक प्राणी म्हणजे तमुक' असा तक्ता लिहून द्यायची माझी इच्छा नाही. चित्रकाराच्या मनात तो अर्थ होता हे कशावरून ठरवायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

चित्रवेल्हाळ:
सर, तक्ता देऊ नका हे अगदी बरोबर. मी आधी चित्र कुणी, कुठे लावायला करून घेतलं ते बघते. क्रिव्हेल्लीचं चित्र आस्कोली पिचेनोच्या चर्चसाठी होतं आणि प्रसंग येशूच्या गर्भधारणेचा. तिथे अमरत्वाचा अर्थ सहज बसतो. शिवाय मोर हे श्रीमंती घराचं भूषणही होतं. दोन्ही एकदम असू शकतं, एकच निवडायची सक्ती नाही.

पुरावा भक्कम कसा असतो ते दाखवायला लिओनार्दोचं एर्मिन घेतलेल्या तरुणीचं चित्र घ्या, साधारण १४९० चं. एर्मिन म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, थंडीत पांढराशुभ्र होतो. अंगाला चिखल लागण्यापेक्षा तो मरण पत्करेल अशी समजूत होती, आणि लिओनार्दोने स्वतःच्या टिपणवहीत ती उतरवून ठेवलीय. चित्रातली चेचिलिया ही मिलानच्या लुदोविको स्फोर्झाची प्रेयसी, आणि त्याला १४८८ मध्ये नेपल्सच्या राजाकडून 'ऑर्डर ऑफ द एर्मिन' हा सन्मान मिळालेला. त्यात तो प्राणी अंगाखांद्यावर खेळवायच्या मानाने फारच मोठा काढलाय. इथे मला शंका उरत नाही.

आर्नोल्फिनीच्या कुत्र्याबाबत मात्र मी हात राखून बोलेन. इन्फ्रारेड तपासणीत दिसलं की रंगाखालच्या रेखाटनात तो नाहीच, नंतर थेट रंगवलाय. त्यामुळे अर्थ नाही असं होत नाही, पण संपूर्ण चित्र त्याच्याभोवती रचलंय असंही म्हणता येत नाही. निष्ठेचा अर्थ दाखवायचाच तर लुक्का इथली इलारिया देल कार्रेत्तोची समाधी दाखवा, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, याकोपो देल्ला क्वेर्चाने घडवलेली. निजलेल्या तरुण बायकोच्या पायाशी कुत्रा वर मान करून तिच्याकडे बघतोय.

रानवाटा:
मी पक्षीनिरीक्षण करणारा, त्यामुळे राफाएलचं १५०६ च्या सुमाराचं गोल्डफिंचवालं चित्र (फ्लॉरेन्सची उफित्सी) सुचवतो. छोटा जॉन (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा संत) पक्षी पुढे धरतो, बाळ येशू त्याच्यावरून हात फिरवतो. या पक्ष्याचा चेहरा खरंच लाल असतो आणि तो काटेरी झुडपांच्या बिया खातो. त्यावरूनच येशूच्या काटेरी मुकुटातला काटा उपसताना रक्ताचा थेंब उडाला ही दंतकथा. आणि इटलीत मुलं हा पक्षी खेळायला पाळतही असत! म्हणजे तुमच्या मुलांचा प्रश्न आणि धार्मिक अर्थ, दोन्ही एकाच चित्रात. मुलांना आधी पक्ष्याचा खरा फोटो दाखवा, मग चित्र.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सुरुवात गोल्डफिंचने करतो, मग एर्मिन, आणि आर्नोल्फिनी शेवटी, उत्तर न देता. आता एकच विनंती: इलारियाच्या समाधीचा पायाच्या बाजूने काढलेला, कुत्रा नीट दिसेल असा फोटो कुणाकडे आहे का? तिथे जाऊन आलेल्या कुणी स्वतः काढलेला असेल तर फारच छान.