नैराश्य, अवसाद की उदासीनता? पालकांच्या पत्रकासाठी शब्द हवेत

महालकर : नववी ते बारावीच्या मुलांच्या पालकांसाठी दोन पानी पत्रक छापायचं आहे, नागपुरातल्याच शाळांसाठी. 'डिप्रेशन'ला एकाने 'उदासीनता' लिहिलं, दुसऱ्याने 'अवसाद'. 'मूड डिसऑर्डर'साठी 'मनोविकृती' आलंय. काय ठेवावं?

धंतोली ओपीडी : 'मनोविकृती' आधी खोडा. तो शब्द भास-भ्रमाच्या आजारांकडे नेतो, शिवाय 'विकृत' ही सरळ शिवी आहे. 'मनःस्थितीचे आजार' लिहा.

'उदासीनता'ही नको. महापालिका खड्ड्यांबाबत उदासीन असते, म्हणजे तिला फिकीर नसते. 'तुमचा मुलगा उदासीन आहे' हे वाचून बाप म्हणेल, तेच तर आम्ही रोज सांगतो त्याले!

व्युत्पत्तीवाला : 'अवसाद' हा अव + सद्, म्हणजे खाली बसणे, खचणे. गीतेत सहाव्या अध्यायात 'नात्मानमवसादयेत्' आहे, तोच धातू. हिंदीत गाळाच्या खडकालाही 'अवसादी चट्टान' म्हणतात. अर्थाने हा शब्द 'नैराश्या'पेक्षा जवळचा, पण मराठीत रुळलेला नाही. आपल्याकडे हिंदी पेपर वाचणाऱ्यांना कळेल, काटोल-उमरेडच्या आजीला नाही. तिच्यासाठी 'खचणे' हे क्रियापद आहेच.

धंतोली ओपीडी : 'नैराश्य' शीर्षकात चालेल, मात्र शेजारी 'डिप्रेशन' हवंच. निकाल बिघडला की चार दिवस येते ती निराशा. आजार म्हणायला निदानाच्या यादीतल्या नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ दिसावी लागतात, आणि मुलाचं रोजचं चालणं-वागणं अडलेलं असावं लागतं. पाचांत एक तरी मनःस्थिती बिघडल्याचं किंवा कशातच रस न उरल्याचं हवं.

इथेच पत्रकं फसतात. मोठ्यांत उदासपणा शोधतात, पण किशोरवयात त्याच्या जागी नुसती चिडचिड असू शकते. 'उदास' एवढंच छापलं तर खेकसणारा मुलगा निसटतो. वाढत्या वयात वजन घटायलाच हवं असंही नाही. वयाप्रमाणे वाढलं नाही तरी तो धागा धरतात. म्हणून नामांपेक्षा घरातली वाक्यं छापा : 'सारखा खेकसतो', 'जेवाले उठत नाही', 'रात्रभर जागा', 'क्रिकेटचा नाद होता, तोही सुटला', 'रोज सकाळी पोट दुखते म्हणतो'.

वर्षभर किंवा त्याहून जास्त रेंगाळणारा सौम्य प्रकारही असतो (मोठ्यांसाठी हीच मुदत २ वर्षं). घरचे त्याला 'स्वभावच तसा' म्हणतात. हे शब्द चौकटीत टाका.

महालकर : आणि 'बायपोलर'? मसुद्यात 'मूड स्विंग' आणि 'उन्मादाचा झटका' आहे.

धंतोली ओपीडी : दोन्ही काढा. सकाळी रुसला, दुपारी हसला म्हणजे बायपोलर नव्हे. त्यात डिप्रेशनचे आणि मॅनियाचे, म्हणजे मन अवाजवी चढलेलं असण्याचे, काळ येतात. मॅनियाचा काळ किमान ७ दिवस टिकतो (दवाखान्यात भरती करावं लागलं तर मुदत मोजत नाहीत), हायपोमॅनियाचा, म्हणजे त्याच्या सौम्य प्रकाराचा, ४ दिवस. खूण झोपेची : दोन-तीन तास झोपूनही पोरगं ताजंतवानं, बोलणं थांबत नाही, खर्च आणि धाडस वाढलेलं. परीक्षेसाठी जागणारा दुसऱ्या दिवशी पेंगतो, हा पेंगत नाही.

'उन्माद' म्हटलं की लोकांना माज आठवतो, 'झटका' म्हटलं की फिट. 'मॅनियाचा काळ' लिहा. ही खूण डॉक्टरांना सांगणं गरजेचं, कारण बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मॅनिया उसळू शकतो.

औषधवाला, इतवारी : गोळ्यांच्या परिच्छेदात 'गुंगीचं औषध' लिहिलंय, ते चूक. डिप्रेशनच्या गोळ्या झोपेच्या नव्हेत. फरक दिसायला २ ते ४ आठवडे, पुरता गुण यायला त्याहून जास्त लागतात. मध्येच एकदम बंद करू नयेत. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः २५ च्या आतल्यांवर, घरच्यांनी लक्ष ठेवावं : अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवावं.

बायपोलरसाठी लिथियम हे औषध घेणाऱ्यांसाठी वेगळी ओळ टाका, आपल्या मे महिन्यासाठी. घाम आणि जुलाबाने पाणी-मीठ कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते; आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकानेही चढते. हात जोरात थरथरणे, उलट्या, तोल जाणे हे दिसलं की घरचे 'ऊन लागलं' म्हणून कांद्याचा रस देतात. हे नेमकं छापा : 'ऊन लागलं' समजू नका, पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, त्याच दिवशी पातळी तपासा.

व्युत्पत्तीवाला : मसुद्यातलं 'आत्महत्येचा अयशस्वी प्रयत्न' खटकतं, वाचणं म्हणजे अपयश असं होतं. 'प्रयत्न केला होता' पुरे.

धंतोली ओपीडी : बरोबर. आणि 'असा विषय काढू नये' हे वाक्य उडवा. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नये, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशक कुलपात ठेवावं, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

महालकर : पत्त्यात 'पागलखाना चौकाजवळ' राहू द्यावं का? ऑटोवाल्याला तेच कळतं.

धंतोली ओपीडी : छापताना 'प्रादेशिक मनोरुग्णालय' एवढंच. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहे, तेही लिहा. पुष्कळ पालक तिथे लवकर तयार होतात. वर मोठ्या अक्षरात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.