विषय: जुलैतली क्रूझ, आई-आण्णांसाठी

नमस्कार मंडळी,
पुढच्या जूनला आई-आण्णा कोल्हापूरहून ह्यूस्टनला येतायत. गॅल्व्हस्टनहून सात रात्रींची क्रूझ बघून ठेवलीय: जमैका, ग्रँड केमन, कोझुमेल. जुलैची तिकिटं बरीच स्वस्त दिसतायत. केमनच्या उथळ पाण्यात स्टिंगरे मासे अंगाला घासून जातात, हे आण्णांनी कुठंतरी वाचलंय, तेव्हापासून दुसरं काही बोलत नाहीत. या दिवसांत कुणी गेलंय का?
— शुगर लँडकर

उत्तर: जुलैतली क्रूझ, आई-आण्णांसाठी

अरे बाळा,
स्वस्त आहे ते उगाच नाही. 1 जून ते 30 नोव्हेंबर तिकडं वादळांचा हंगाम. आम्ही 2024 ला याच वाटेनं निघालो होतो, 30 जूनला. कागदावर 3 जुलै जमैका, 4 ला केमन, 5 ला कोझुमेल. आणि बेरिल वादळ कसं गेलं? 3 ला जमैका, 4 ला केमन, 5 ला युकातान, म्हणजे कोझुमेलचाच किनारा. आमचंच तिकीट काढलं होतं म्हण की त्यानं!

दुसऱ्या दिवशी जेवताना कॅप्टननं जाहीर केलं: जमैका रद्द, केमन रद्द, कोझुमेल आधी उरकून माघारी. खोलीतल्या टीव्हीवर नकाशा असतो, त्यात आपल्या बोटीची रेघ. गॅस चालू राहिल्याचं आठवावं तशी ती रेघ गर्रकन फिरली. सासूबाई तासातासाला उठून ती बघायच्या. पंचगंगेच्या पुरात राजाराम बंधाऱ्यावरचे फूट मोजण्यात आयुष्य गेलेलं, 39 ला इशारा, 43 ला धोका. योगायोग बघ, तिकडं वारा ताशी 39 मैलांवर गेला की वादळाचं बारसं करतात.

त्या बारशातच आमचे पैसे बुडाले. ह्यांनी विमा काढला 29 च्या रात्री, बेरिलचं नाव पडलं होतं 28 ला. नाव पडल्यानंतर काढलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत. बोटीकडून ठरवलेल्या सहलींचे पैसे परत आले, बंदराचा कर बोटीवरच्या खात्यात जमा झाला. पण जमैकात परस्पर ठरवलेल्या गाडीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स गेला तो गेलाच. आणि बेट चुकलं म्हणून तिकिटातलं काही सुटत नाही, करारात तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी ते घरी आल्यावर वाचलं.

केमन चुकायला तर वादळसुद्धा लागत नाही. तिथं क्रूझसाठी धक्का नाही. बोट बाहेर नांगर टाकते, छोट्या होड्या किनाऱ्यावर नेतात. लाटा वाढल्या की होड्या बंद, गाव समोर दिसत असतं आणि आपण कठड्याला. आण्णांना स्टिंगरेचा शब्द देऊ नकोस.

बोट हलली एकच रात्र. जिन्याच्या कठड्याला कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या, मी त्यांच्या स्वच्छतेचं कौतुक केलं. त्या उलटीसाठी होत्या! वेटर मळमळीवर हिरवी सफरचंदं वाटत होता, सासूबाईंनी आलेपाकाचा डबा उघडला. बाल्कनीच्या हौसेनं आम्ही वरची, पार पुढच्या टोकाची खोली घेतली होती, तिथंच हलणं सगळ्यात जास्त. तू खालच्या मजल्यावरची, मधोमध घे.

आई-आण्णांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, बघ. परत येताना अमेरिकेत नव्यानं शिरायचं असतं. मेक्सिकोला अमेरिकेचा चालू व्हिसा चालतो.

इकडं पंचगंगा 37 फुटांवर आहे, लाईट जायच्या आत पाठवते.
— मावशी, सध्या मुक्काम कोल्हापूर

उत्तर: उत्तर: जुलैतली क्रूझ, आई-आण्णांसाठी

मावशी,
आण्णांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, 2019 च्या पुरात आठ दिवस माडीवर काढले, तिथं कुठं बुफे होता? मधली खोली धरलीय, विमाही आजच काढला.
आलेपाक कुठल्या दुकानातला?
— शुगर लँडकर