असायलमच्या फॉर्ममध्ये रकाना कोरा राहिला तर?

प्रश्न: न्यू जर्सीत शेजारच्या अफगाण काकूंचा आय-589 (अमेरिकेत आश्रय, म्हणजे असायलम मागायचा अर्ज) भरायला मदत करतेय. त्यांना मधलं नावच नाही, रकाना कोरा सोडला तर चालेल का?

उत्तर: ताई, कोरा नको, लागू नाही असं इंग्रजीत लिहा. 2019-20 मध्ये एवढ्यावरून अख्खे अर्ज परत यायचे, नंतर तो नियम काढला, तरी जोखीम कशाला. आणि अमेरिकेत येऊन वर्ष व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे हां.

उत्तर: केस इमिग्रेशन कोर्टात असेल आणि घर बदललं तर 5 दिवसांत ईओआयआर-33, म्हणजे पत्ता बदलल्याचा फॉर्म, भरा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, माणूस हजर झाला नाही की हद्दपारीचा हुकूम निघतो, त्याच्यावर काय बेतलंय ते कुणी ऐकतच नाही, जीव तुटतो.

प्रश्नकर्ती: त्यांच्या तझकिऱ्यावर (अफगाण ओळखपत्रावर) जन्मतारीखच नाही, 1370 साली (अफगाण कॅलेंडरचं, म्हणजे आपलं 1991-92) वय 18 एवढंच आहे!

उत्तर: मग मनाने तारीख ठोकू नका, आहे तेच सगळीकडे सांगा. तफावत दिसली की खोटं बोलतायत असं धरतात.