मदत हवी आहे: क्रिएटर मेंबरशिप बंद करायची आहे, पण मेंबरांचे पैसे कापणं कसं थांबवू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. शिवणक्लास घेते. लॉकडाऊनमध्ये क्लासला कुलूप लागलं तेव्हा ब्लाउज कटिंगचे व्हिडिओ टाकायला लागले. पुढे भाच्याने एका परदेशी साइटवर मेंबरशिपचं पान काढून दिलं. महिना ९९ रुपये भरले की कटोरी, प्रिन्सेस कट, शिवलेली नऊवारी यांचं पेपर कटिंग घरी छापता येईल अशा फाइलीत मिळायचं, आणि रविवारी रात्री लाइव्हवर शंका विचारता यायच्या. मुंढा कुठे ओढतोय, अस्तर का वर येतंय, असल्या. साइटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये, मार्ग हवा आहे.

आता मी एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंगचं काम घेतलंय. सोलापुरात गणवेशाचा धंदा केवढा आहे ते इथल्यांना सांगायला नको. मार्चपासून शाळा उघडेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. नवीन फाइल द्यायला जमणार नाही, मग बायकांकडून फुकटचे पैसे कशाला घ्यायचे? म्हणून पान कायमचं बंद करायचं ठरवलंय. बंद करायचा निर्णय झालेला आहे, तो बदलायचा नाही.

अडचण अशी. सेटिंग्जमध्ये दोन वाटा दिसतात, एक ‘पान लपवा’ आणि दुसरी ‘अकाउंट डिलीट करा’. लपवलं तर जुन्या मेंबरांचे पैसे कापणं थांबतं का, ते कुठेच सरळ लिहिलेलं नाही. डिलीटवर गेलं की शिल्लक रकमेबद्दल लांबलचक इंग्रजी येतं आणि खाली लाल बटण. ते दाबायला हात धजत नाही. मदत विभागाला लिहिलं तर मशीनचं उत्तर येतं, तेही माझ्या प्रश्नाचं नाही.

त्यात विडी घरकुलातली एक मेंबर परवा फोन घेऊन दारात आली. बँकेचा मेसेज दाखवला, की उद्या तुमच्या खात्यातून ९९ रुपये जातील. तिने ॲप कधीच काढून टाकलंय. ती म्हणे, “ताई, ॲपच नाही तर पैसे कुठनं जायलेत?” मला उत्तर देता आलं नाही. तिच्या घरी ९९ रुपये म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे.

काही जणी यूपीआयवरून भरतात, काही फोनच्या ॲपमधून, पुण्या-बंगळुरातल्या तीन-चार जणींनी वर्षाचे एकदम भरलेत. शिवाय लॉगिनचा मेल भाच्याचा, कोड त्याच्या जुन्या नंबरवर जातो, आणि तो आता हैदराबादेत. कुणी असं पान बंद केलंय का? आधी काय, मग काय?

पार्क_चौकातला

काय बे ताई, चाललेलं दुकान कोण बंद करतंय? फी दीडशे करा की. एखादी पोरगी ठेवा फाइली टाकायला.

धागाकर्ती

दादा, निर्णय झालाय असं वर लिहिलंय. वरचं वाचून उत्तर द्या की.

एकतारी

ताई, मी भजनांच्या रेकॉर्डिंगचं असंच पान बंद केलंय, त्यामुळे माझं ऐका. लाल बटण सगळ्यात शेवटी. त्याच्या आधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत.

पहिलं काम म्हणजे लॉगिन स्वतःच्या ताब्यात घ्या. भाच्याला व्हिडिओ कॉलवर बसवा, त्याच्याकडून मेल आणि मोबाईल नंबर बदलून तुमचा घाला. जुना नंबर त्याच्याकडे अजून चालू असेल तर आजच करा. बंद पडलेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, मग तुमचे कोड तिसऱ्याच्याच फोनवर. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कारण पैसे काढताना आणि डिलीट करताना दोन्ही वेळा कोड मागतील.

मग नवीन मेंबर घेणं थांबवा. बहुतेक साइटवर पान लपवणं म्हणजे नवीन माणसाला ते दिसत नाही, एवढंच. आधीच्यांची वर्गणी चालू राहू शकते. त्यामुळे ‘लपवलं म्हणजे झालं’ हे डोक्यातून काढा. वर्गणी गोळा करणं थांबवायचं किंवा मेंबरशिपच बंद करायची सोय वेगळी असते, कमाईच्या किंवा मेंबरशिपच्या सेटिंग्जमध्ये बघा. महिन्याच्या एक तारखेला पैसे कापले जात असतील तर हे विसाव्या-बाविसाव्या तारखेलाच करा. तीस तारखेला रात्री बसू नका.

शिल्लक रक्कम डिलीटच्या आधी बँकेत उतरवून घ्या. पैसे काढायला किमान रकमेची अट असते, आणि बँक खात्यावरचं नाव व पानावरचं नाव जुळावं लागतं. तुमच्या पानावर कुणाचं नाव आहे, तुमचं की भाच्याचं?

धागाकर्ती

पान माझ्या नावावर, बँक खातं माझंच. फक्त मेल आणि नंबर त्याचा. हे तरी बरंय.

पासबुक

बँकेत नोकरीला आहे म्हणून मेंबरांच्या बाजूचं सांगतो.

तुमच्या दारात आलेल्या मेंबरचा तो मेसेज हा बँकेचा उपकार नाही, नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (म्हणजे पैसे आपोआप कापायची आगाऊ परवानगी) नियमांप्रमाणे दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशाची सूचना किमान २४ तास आधी द्यावीच लागते, आणि तेव्हा ग्राहकाला ते पैसे नाकारायची सोयही असली पाहिजे. कार्डांसाठी हे १ ऑक्टोबर २०२१ पासून पक्कं झालं. यूपीआय ऑटोपे त्याच्या आधी, जुलै २०२० मध्ये आलं. १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही, त्यामुळे मेसेज आला तरी ९९ रुपये आपोआप जातात आणि लोकांच्या लक्षात राहत नाही. एकदा परवानगी दिली की ती मँडेट म्हणून बँकेत बसते. फोनमधलं ॲप काढल्याने तिला काही होत नाही.

तर तिला सांगा: ज्या यूपीआय ॲपमधून पहिल्यांदा पैसे भरले तेच उघडायचं, प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ शोधायचं, तुमच्या साइटच्या नावावर बोट ठेवायचं आणि रद्द करायचं. थांबवा असाही पर्याय असतो, पण तो तात्पुरता. कार्डवरून असेल तर बँकेच्या ई-मँडेटच्या पानावर जायचं. बँक यासाठी ग्राहकाकडून शुल्क घेऊ शकत नाही.

फोनच्या ॲप स्टोअरमधून भरलेल्यांचं वेगळं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर जाऊन ‘सबस्क्रिप्शन्स’. तिथून भरलेली वर्गणी तिथूनच रद्द करणं सगळ्यात खात्रीचं. तुम्ही तुमच्या बाजूने पान बंद केलं तरी त्यांनी एकदा बघून घ्यावं.

धागाकर्ती

पासबुकदादा, लाख धन्यवाद. आत्ता तिच्याकडे जाऊन आले. ऑटोपेमध्ये माझ्या साइटच्या वर अजून दोन निघाले, एक कसल्यातरी मालिकांच्या ॲपचं आणि एक मुलाच्या गेमचं. तिन्ही रद्द केले. मुलगा रुसलाय. :)

खतावणी

सीए नाही, पण सीएच्या ऑफिसात आहे. डिलीट केल्यावर डॅशबोर्ड, म्हणजे साइटवरचं तुमचं हिशोबाचं पान, उघडत नाही, हे लक्षात ठेवा आणि आधी कागद उतरवून घ्या. सुरुवातीपासूनची दर महिन्याची कमाई, साइटने कापलेलं कमिशन, आणि बँकेत प्रत्यक्ष आलेले पैसे, तिन्ही. परदेशातून पैसे आले असतील तर बँकेकडून त्या रकमेचा दाखला मागा. परदेशी साइटने तुमच्याकडून डब्ल्यू-८बेन नावाचा (आपण अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा) फॉर्म भरून घेतला असेल, त्याचीही प्रत ठेवा. तिकडे कर कापला गेला असेल तर इथल्या विवरणपत्रात त्याचं क्रेडिट मागताना पुरावा लागतो. इकडे काही कापलं असेल तर ते आयकराच्या एआयएसमध्ये (वार्षिक माहिती पत्रकात) दिसेल, तेही ताडून बघा.

या वर्षी जेवढे महिने पैसे आले तेवढं उत्पन्न दाखवायचंच आहे, पान बंद झालं म्हणून ते गायब होत नाही. आणि जीएसटी नंबर घेतला असेल तर तो वेगळा रद्द करावा लागतो. रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरण भरायचं असतं. हे राहून गेलेले लोक आमच्याकडे दंडाची नोटीस घेऊनच येतात.

धागाकर्ती

जीएसटी नंबर नाही, तेवढी कमाई असती तर कारखान्यात कशाला गेले असते! बाकीचं उतरवून घेते. वर्षाचे भरलेल्यांचं काय करू? कुणाचे पाच महिने उरलेत, कुणाचे आठ.

एकतारी

उरलेल्या महिन्यांचे परत करा, पण साइटमधूनच, मेंबरच्या नावासमोर परताव्याची सोय असते तिथून. स्वतःच्या यूपीआयवरून पाठवलेत तर साइटच्या हिशोबात ते उत्पन्न तसंच राहतं आणि कमाईचा आकडा फुगलेला दिसतो. अर्धवट परतावा देता येत नसेल तर त्या बाईंना विचारून वर्ष संपेपर्यंत जुन्या फाइली खुल्या ठेवा. अशा परताव्यासाठी खात्यात शिल्लक लागते, म्हणून सगळे पैसे काढण्याआधी हे उरका.

काळी_शाई

एक मुद्दा कुणी मांडला नाही. सामील व्हायचं बटण भलंमोठं आणि बंद करायची वाट पाच पानांत लपवलेली, याला आता आपल्याकडे नाव आणि नियम दोन्ही आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्स, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचना, यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत, पैकी एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’: रद्द करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं, पर्याय लपवणं. भारतात नियमितपणे सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना हे लागू, कंपनी परदेशी असली तरी. मेंबरांपैकी कुणाचे रद्द करूनही पैसे गेले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मेसेजचा आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट मात्र हवा.

पासबुक

आणि हो, साइटचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका. असे बनावट नंबर पसरलेले असतात. समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावतो, ओटीपी मागतो. मेंबर बायकांनाही सांगा. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाचायची शक्यता जास्त.

धागाकर्ती

भाच्याला बसवून मेल आणि नंबर बदलले. नवीन मेंबर घेणं बंद केलं, वर्गणी थांबवायचा पर्यायही सापडला, ‘प्रगत’ म्हणून एक कप्पा होता त्याच्या तळाशी. शिल्लक परताव्यापुरती ठेवून बाकी बँकेत टाकली. लाल बटण पुढच्या महिन्याचा मेसेज कुणालाच आला नाही हे बघून मग दाबणार.

मेंबरांसाठी हे लिहिलंय, बघा बरं:

“मैत्रिणींनो, आपलं मेंबरशिपचं पान मी बंद करते आहे. या महिन्यापासून पैसे कापले जाऊ नयेत अशी सोय केली आहे, तरीही आपल्या फोनमध्ये ऑटोपे किंवा सबस्क्रिप्शन्स उघडून एकदा रद्द करा. ज्यांनी वर्षाचे भरलेत त्यांचे उरलेले पैसे परत मिळतील. हव्या त्या फाइली महिनाअखेरपर्यंत उतरवून घ्या. मी किंवा साइटवाले कुणालाही फोन करून ओटीपी मागणार नाही. मापाची शंका असली तर रविवारी घरी या.”

पार्क_चौकातला

झकास जमलंय. ऑटोपे कुठे सापडतं त्याचे दोन स्क्रीनशॉट पण जोडा, नुसतं वाचून कुणाला समजणार नाही. आणि पूर्व भागातल्या बायका म्हणजे निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या असणार, त्यांच्यासाठी तेलुगूतपण टाका. घरी आमची आई आहे, मी लिहून घेतो तिच्याकडनं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

धागाकर्ती

केला. आईंना नमस्कार सांगा.